लंडनवरून सिंधू

रेडिओची काच पुसायची तर माणसाला भूगोल यावा लागतो, असं माझं मत होतं. मी अमरावतीच्या एका शाळेत तोच विषय शिकवतो.

प्रसंगही तसाच होता! माझी धाकटी बहीण सिंधू त्या संध्याकाळी नागपूर केंद्रावरून गाणार होती आणि ते ऐकायला अकोल्याचे खुशालराव वकील आणि त्यांच्या पत्नी माणिकबाई आमच्याकडे येणार होते. गाणं पसंत, तर सिंधू त्यांची सून!

"त्या काचेले हात लावू नका हो," अनसूया म्हणाली. बायकोच ती!

"मळ बघ किती साचलाय!"

मी रेडिओची काच काढून सोड्याच्या गरम पाण्यात बुडवली. मळ निघाला. त्याच्यासोबत लंडन, दिल्ली, नागपूर, कोलंबो, अशी केंद्रांची छापलेली सगळी गावं निघून मोरीत वाहून गेली! काच माझ्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेसारखी कोरी झाली.

मी डगमगलो नाही. पांढरा रंग घेतला आणि गावं रेखांशाप्रमाणे मांडली. डावीकडे लंडन, उजवीकडे कलकत्ता, मध्ये नागपूर. इतका शास्त्रशुद्ध विचार कंपनीनंसुद्धा केला नव्हता!

रंग वाळतो न वाळतो तोच पाहुणे आले. खुशालराव चष्मा लावून रेडिओसमोरच बसले. मी काटा 'नागपूर'वर आणला. नुसती चरचर!

"मास्तर, पोरगी गाऊन राहिली का पापड तळून राहिली?"

मी काटा डावीकडे सरकवत निघालो. दिल्ली गेली, कराची गेली, कैरो गेलं... आणि एकदम सिंधूचा आवाज! माणिकबाईंनी डोळे मिटून मान डोलावली. त्यांच्या यजमानांनी मात्र डोळे उघडे ठेवून काट्याखालचं नाव वाचलं.

गाणं संपल्यावर ते म्हणाले, "गळा गोड हाय. पन हे लग्न जमत नाही. पोरगी लंडनले गेली, हे आमच्यापासून लपवलं कावून?"

"अहो, ती सकाळच्या गाडीनं नागपूरला गेलीय!"

"मंग हे काय लिहून हाय? लेखी पुराव्यापुढं तोंडी जबाब चालत नसते, मास्तर!"

खरं सांगावं तर भूगोलाची अब्रू जाते, न सांगावं तर बहिणीचं लग्न! मी तोंड उघडलं, तेवढ्यात रेडिओच बोलला, "अमरावती-भातकुलीकडच्या शेतकरी बंधूंनो, तुरीवरच्या अळीचा बंदोबस्त वेळीच करा..."

माणिकबाई नवऱ्याकडे वळल्या. "अवो, लंडनवाल्यायले भातकुलीच्या तुरीची एवढी फिकर कायची हो?"

अनसूयेनं संधी साधून सोडा, मोरी, रंग, सगळं ओकून टाकलं. खुशालरावांनी काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा काट्याकडे पाहिलं आणि असे हसले की चष्मा मांडीवर पडला.

"पोरगी पसंत!"



निघताना ते उंबऱ्यात थांबले. "आमाले आंदण काही नको, मास्तर. फक्त एक अट हाय."

मी हात जोडले.

"लग्नाच्या दिवशी मुहूर्ताचं घड्याळ तुमी पुसू नका!"

अट मी हसत हसत मान्य केली. पण अनसूयेचा माझ्यावर विश्वास दांडगा! सिंधूच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत आमचं घड्याळ शेजारच्या वामनरावांकडे मुक्कामाला होतं.