सुभेदाराच्या रक्तात शेव

"डॉक्टर, पोपटाची रक्ततपासणी उपाशीपोटी करायची की नाश्ता झाल्यावर?"

हा प्रश्न माझा नव्हे. मी हे विचारूच शकणार नाही, अशी पैज माझ्या मैत्रिणींनी, मनाली आणि तेजस्विनीने, लावली होती. मी विचारलं! आवाज जराही न कापता! पक्ष्यांचे डॉक्टर हसलेच नाहीत. त्यांनी चष्म्यावरून आधी मला, मग पप्पांना न्याहाळलं आणि विचारलं, "नाश्त्याला काय देता त्याला?"

पप्पा फरशीकडे बघू लागले. "आम्ही खातो तेच. मिसळीवरची शेव."

सुभेदार आमचा पोपट. कागदपत्रांसकट आणलेला, राखाडी, आफ्रिकी घराण्यातला. बोलणं मात्र थेट पंचवटीचं. हल्ली दांडीवर बसल्याबसल्या धापा टाकायचा. मानेतून थेंबभर रक्त काढलं आणि संध्याकाळी रिपोर्ट आला.

"चरबी वाढलीय. शेव बंद!" डॉक्टरांनी पिंजऱ्यासमोरच बजावलं. "ऊब द्या, शांतता द्या, माणसं लांब ठेवा. पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त बघू. तेव्हाही चरबी उतरली नसेल, तर मी हमी देत नाही."

घरी येईपर्यंत मी पिंजरा मांडीवर घट्ट धरून बसले होते.

ऊब जमली. माणसं लांब ठेवणं मात्र आमच्या सोसायटीच्या रीतीत बसेना. चेअरमन रंगनाथकाका दुखावलेच. "आजाऱ्याला भेटायचं नाही? मग उद्या आमच्याकडे कोण येईल?" लगेच ग्रुपवर सूचना आली: 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, सुभेदार यांची प्रकृती नाजूक असून त्यांना संपूर्ण शांततेची आवश्यकता आहे. तरी सर्वांनी भेटण्यास शांततेत यावे. विंगनिहाय वेळ पाळावी.'

सगळे आले. शांततेत, विंगनिहाय. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जात नाहीत, म्हणून द्राक्षं, बिस्किटं आणि अर्थातच शेव घेऊन आले. बी विंगमधल्या कुसाबाई आजी पिंजऱ्याला नाक लावून म्हणाल्या, "आमच्या सायखेड्यालाबी एक व्हते. लय धिप्पाड. आसंच झालं अन् गेले बिचारे!"

प्रत्येकाच्या ओळखीत असा एक जण होताच. सुभेदार मान वाकडी करून ऐकत होता.

शेवटी रंगनाथकाका आले. सुभेदाराने त्यांच्या पोटाकडे सावकाश पाहिलं. "चरबी वाढलीय. शेव बंद!" आणि क्षणभर थांबून, "गेले बिचारे!"

काका पांढरेफटक. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःचं रक्त तपासून घेतलं. चरबी वाढलेलीच होती!

झालं! लोक आपापले रिपोर्ट घेऊन आमच्या दारात रांग लावू लागले. वॉचमन टोकन देऊ लागला. सुभेदार सगळ्यांना एकच निदान सांगायचा आणि ते एकाच्याही बाबतीत चुकलं नाही.

"काय हुशार आहे हो!" म्हणत पेशंट खूश होऊन गजांतून चिमूटभर शेव आत सरकवायचे. मग एक चिमूट स्वतःच्या तोंडात. "आता काय, उद्यापासून बंदच."

"काका, त्याला शेव बंद आहे!" मी ओरडले.

"अगं, डॉक्टरांना कुठे पथ्य असतं?" रंगनाथकाका म्हणाले.

पुढच्या आठवड्याचा रिपोर्ट आला. चरबी आणखी वाढली होती. डॉक्टर रागावलेसुद्धा नाहीत. "आता फक्त पथ्य," एवढंच म्हणाले. सुभेदार माझ्या ओंजळीत डोळे मिटून होता. "गेले बिचारे"सुद्धा म्हणत नव्हता. माझी खरी तंतरली ती तेव्हा.

हसताय ना? तुम्हीही आला असतात. आणि रिकाम्या हाताने आला नसतात.

घरी मम्मी-पप्पा टीव्हीसमोर बसले होते, मध्ये शेवेचा डबा. सुभेदाराची काळजी करत करत दोघांचेही हात डब्यात जात होते. मी सुभेदाराला पिंजऱ्यातून काढून माझ्या खोलीत उबेला ठेवलं, दार ओढून घेतलं. मग डबा उचलला, रिकाम्या पिंजऱ्यात ठेवला आणि कुलूप लावलं.

"अगं, हे काय?" मम्मी.

"माझा निर्णय झालाय," मी म्हणाले. "यापुढे सुभेदार बाहेर राहील, शेव आत राहील. किल्ली माझ्याकडे. आणि उद्या सकाळी तुम्हा दोघांचं रक्त तपासायला जायचंय. उपाशीपोटी."