तपासून परत आलेली पत्रिका

लग्नाची पत्रिका घरी आली की लोक तारीख बघतात. कांतीशेठ लाल पेन काढायचे. चुका दुरुस्त करून, खाली सही ठोकून, पत्रिका ज्याची त्याला परत पाठवायचे.

मंचरच्या पेठेत त्यांचं कापडाचं दुकान आणि त्याच्याच ओट्यावर माझं शिलाई मशीन. नव्वद सालानंतर आमच्याकडे इंग्रजी पत्रिकांची टूम निघाली आणि शेठना दिवस पुरेना. त्यांना इंग्रजीचे मास्तर व्हायचं होतं; वडिलांनी गादीवर बसवलं. सगळा राग सारख्या वाजणाऱ्या शब्दांवर. "कानावर जाऊ नका राव, अक्षरं बघा," हे दिवसातून दहादा. समोरच्या वह्या-पेनांच्या दुकानावर रंगाऱ्याने इंग्रजी 'स्टेशनरी'त 'ई'च्या जागी 'ए' काढला, तर शेठ स्वतः शिडी घेऊन गेले. म्हणाले, असं लिहिलं की अर्थ होतो जागचं न हलणारं. दुकानदार म्हणाला, मग बरोबरच हाय की, माझं दुकान कुठं हलतंय? त्या दिवशी शेठ धड जेवले नाहीत.

लोणीच्या एका बागायतदारांच्या पत्रिकेत छापखान्याने 'प्रेझेन्स'चं 'प्रेझेंट्स' केलं. उपस्थितीची विनंती राहिली बाजूला. शेठनी समासात लिहिलं, "आपण आहेर मागत आहात." बागायतदार पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत. पुढे पुढे लोकांनी शेठना पत्रिका देणंच बंद केलं.

मीही त्यातलाच. माझ्या मुलीचा शालू त्यांनीच निवडून दिला, चार वेळा उलगडून दाखवला. पत्रिकांचा गठ्ठा मात्र मी मशीनखाली झाकून ठेवला. व्याह्यांपुढे हसं व्हायला नको, एवढंच डोक्यात. तोंडी बोलावलं तर पत्रिका मागतील, म्हणून तेही टाळलं.

लग्नानंतर चार दिवसांनी खाली मान घालून ओट्यावर आलो. शेठनी चहा मागवला. सगळं नीट पार पडलं ना, पोरगी फार रडली का, शालू खुलून दिसला का, सगळं विचारलं. मी हो हो करत राहिलो.

मग म्हणाले, "ही गेल्यापासून घरात मी एकटाच. पोरं पुण्याला. कुनाचं लगीन असलं की तेवढंच चार मानसांत जेवन व्हतं."

चहा निम्मा तसाच ठेवून ते उठले.

"द्यायची व्हती राव. मी वाचली नसती."

मला फार लाज वाटली. पुढच्या वेळी नक्की, असं म्हणायला मला दुसरी मुलगीही नव्हती.