रकाना चौथा : रडू कोणाला येईल?

दर शनिवारी सकाळी साडेअकरा वाजता शकीलभाई आमची अख्खी शाळा पुसून टाकतात. पाचवी ‘अ’पासून दहावी ‘क’पर्यंत एकही विद्यार्थी शिल्लक राहत नाही. जन्मतारखा जातात, आयांची नावे जातात, परीक्षांचे गुण जातात. मग शकीलभाई चहाचा एक घोट घेतात आणि शाळा परत आणतात. बाराच्या आत सगळी मुले आपापल्या तुकडीत हजर असतात.

हे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला मुख्याध्यापिका होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. मी खुर्चीचा हात घट्ट धरल्याचे मला स्पष्ट आठवते.

“शकीलभाई, हे काय केलंत?”

“पुसलं, बाई.”

“का?”

“परत येतं का बघायला.”

वाचकांच्या जिवाला घोर नको म्हणून आधीच सांगते, की ही पुसापुशी अडगळीच्या खोलीतल्या एका जुन्या संगणकावर होते. कार्यालयातला खरा संगणक तेवढा वेळ सुखरूप असतो. नोंदींची दुसरी प्रत काढून ठेवणे म्हणजे बॅकअप, आणि त्या प्रतीवरून मूळ पुन्हा उभे करणे म्हणजे रीस्टोअर. पहिली गोष्ट सगळेच करतात, निदान करतो असे म्हणतात. दुसरी दर आठवड्याला करून पाहणारा माणूस सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मला हा एकच भेटला.

शकीलभाई आमच्या सातपूरच्या शाळेत मुलांना संगणक शिकवतात आणि कार्यालयाचा संगणक सांभाळतात. मूळचे मालेगावचे. अंगाने सडपातळ, शर्टाची वरची गुंडीही लावलेली, आणि खिशात एक छोटे भिंग. ते भिंग कशासाठी, हे मला पुष्कळ दिवसांनी समजले.

ते आले तेव्हा शाळेचा बॅकअप निकमभाऊसाहेबांकडे होता. भाऊसाहेब म्हणजे आमचे लिपिक. गाव सटाणा, मन मोकळे, आवाज मोठा. रोज संध्याकाळी ते एका पेनड्राइव्हवर शाळेची प्रत घेत आणि तो पेनड्राइव्ह हळदीकुंकवाच्या जुन्या डबीत ठेवून डबी घरी देवघरात नेत. हा क्रम सहा वर्षे अखंड चालला होता.

शकीलभाईंनी डबी उघडली, पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावला आणि बराच वेळ पाहत राहिले. आत शाळेच्या नावाचे एकच चिन्ह होते. त्याच्या कोपऱ्यात एक वाकडा बाण होता.

“भाऊसाहेब, हे उघडून पाहिलंत कधी?”

“रोज. टिचकी मारली की अख्खी शाळा उघडते.”

“आपल्याच कॉम्प्युटरवर.”

“मग काय शेजाऱ्याच्या?”

त्यावर शकीलभाईंनी त्यांना दुसऱ्या संगणकावर टिचकी मारायला लावली. काहीही उघडले नाही. “हाई काय शे?” ‘हे काय आहे’ विचारताना भाऊसाहेबांच्या तोंडून थेट बागलाणची अहिराणी बाहेर पडली.

“हा बाण म्हणजे पत्ता आहे, भाऊसाहेब. तुम्ही सहा वर्षं शाळेच्या गेटवरची पाटी घरी नेलीत. शाळा रोज इथंच राहिली.”

भाऊसाहेब आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी स्वतःच्या डब्यातली मिरचीची भाजी न बोलता पुढे सरकवली आणि तेथून दोघांची मैत्री झाली.

यानंतर शकीलभाईंनी प्रत्येक शिक्षकाला एक छापील तक्ता दिला. त्यात चार रकाने होते. फाइल कोणती? कुठे ठेवली आहे? गेली तर पुन्हा करता येईल का? चौथा रकाना वाचून शिक्षकांच्या खोलीत मोठा हशा पिकला. तो होता : ‘गेली तर रडू कोणाला येईल? (पूर्ण नाव लिहावे.)’

माझ्या मते हा तक्ता अध्यापनशास्त्राच्या दृष्टीनेही निर्दोष आहे. चौथ्या रकान्यात नाव लिहायला घेतले की माणसाचा हात आपोआप थांबतो. विज्ञानाच्या कदमसरांनी भाचीच्या लग्नाचा तीन तासांचा व्हिडिओ नोंदवला होता.

“रडू कोणाला येईल, सर?”

“भाचीला.”

“भाचीकडे आहे ना तो?”

“आहे.”

“मग तिला रडू द्या की तिच्या घरी. इथं शाळेचं तेवढंच.”

“आणि माझी प्रश्नपत्रिका? ती पूर्ण झाली की देतो.”

“पूर्ण झाल्यावर कोण विचारतं, सर? अर्धी असतानाच जाते ती. आजच द्या.”

‘शाळेचं तेवढंच’ आणि ‘अर्धी असतानाच द्या’ ही त्यांची दोन कलमे. त्यांच्या हिशेबी संगणकातला प्रोग्रॅम घ्यायची गरज नसते, तो पुन्हा आणून बसवता येतो. घ्यायचा तो डेटाबेस. म्हणजे आपण वर्षानुवर्षे भरलेल्या नोंदींचा साठा, जो बाजारात मिळत नाही. आणि तो घेताना कोणी त्यावर काम करत असता कामा नये. “पळणाऱ्या माणसाचं माप कोण शिंपी घेतो?” असे ते विचारतात. म्हणून शनिवारी सव्वाअकराला शाळेची घंटा तीनदा वाजते. ते तीन टोल फक्त कार्यालयासाठी असतात : हात वर घ्या, प्रोग्रॅम बंद करा, माप घ्यायचे आहे.

‘सगळं’ हा शब्द त्यांच्या लेखी शिवी आहे. “सगळं घेतो म्हणणाऱ्यानं काही निवडलेलंच नसतं, बाई.”

आता भिंगाविषयी.

मधल्या सुट्टीत शकीलभाई डबा संपवून कार्यालयाच्या संगणकावर एक तक्ता उघडत. त्यात आकडे नव्हते. बारीक बारीक चौकटी होत्या, काही काळ्या, काही पांढऱ्या. वहीत पाहून ते एकेक चौकट काळी करत. मी एकदा सहज विचारले.

“किनार आहे, बाई. अब्बांची.”

त्यांचे वडील मागावर साड्या विणत. किनारीची नक्षी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर असते. भोक असेल तिथे धागा उचलला जातो. कोयरी आणि वेल अशी एक किनार वडिलांनी स्वतः बसवलेली होती. एकदा नदीचे पाणी मोहल्ल्यात शिरले तेव्हा वडिलांनी विणलेल्या साड्या खाली सोडल्या आणि पत्त्यांची माळ डोक्यावर घेऊन माळा गाठला. “साड्या परत विणता येतात,” एवढेच म्हणाले. पुढे वडील गेले, शकीलभाई शिकायला नाशिकला आले, आणि चुलत्यांनी माळा साफ करताना पत्ते रद्दीत दिले.

त्या किनारीची एकच साडी उरली होती, अम्मीची. दर रविवारी मालेगावला जाऊन शकीलभाई ती थोडी उलगडत आणि भिंगातून एकेक धागा मोजून वहीत टिपत.

“फोटो का नाही काढत?”

“फोटोत रंग येतो, बाई. धागा मोजता येत नाही.” मग भिंग पुसत म्हणाले, “आणि एकदा मोजलेली घडी दुसऱ्यांदा मोजता येत नाही. कापड विरलंय, उलगडलं की सुटतं. मी म्हटलं राहू दे. तर अम्मी म्हणते, साडी कशाला ठेवतोस, किनार ठेव.”

चार वर्षांपासून हे चालले होते. किनार निम्म्याच्या पुढे गेली होती.

एप्रिलच्या अखेरीस अम्मींच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी शकीलभाईंनी दोन आठवडे रजा घेतली. जाताना शनिवारच्या बॅकअपची जबाबदारी माझ्यावर सोपवली आणि सूचनांचा कागद लिहून दिला : कोणत्या सात चौकटींत खूण करायची, कोणत्या क्रमाने. मी भूगोल शिकवलेली बाई, सूचना पाळणे हा माझा धर्म. पण ऐनवेळी मला वाटले, सात चौकटींपैकी एखादी चुकली तर? यादीच्या अगदी वर एक आठवी चौकट होती. तिच्यात खूण केली की खालच्या सगळ्या चौकटींत आपोआप खुणा होत. मी ती केली. बॅकअप बारा वाजता सुरू झाला आणि चार वाजता संपला. नवी कोरी डिस्क भरून गेली.

शकीलभाई परतले, त्यांनी डिस्क पाहिली आणि माझ्याकडे पाहिले.

“बाई, हा बॅकअप नाही. ही गोणी आहे.”

“पण त्यात सात चौकटींतलं सगळं आहे ना?”

“गोणीत गहू असतो, खडेही असतात.”

त्यांनी ती डिस्क आपल्या पत्र्याच्या पेटीत ठेवायला नकार दिला. मला थोडे लागले, हे मान्य करते. मी ती माझ्या कपाटात नकाशांच्या गुंडाळ्यांखाली ठेवून दिली.

जूनमध्ये, दहावीच्या निकालानंतर, दाखले देण्याचा सोमवार उजाडला. व्हरांड्यात रांग लागली होती. पुष्कळ पालक रात्रपाळी संपवून कारखान्यातून थेट आलेले, हातात रिकामा डबा. अकरावीच्या प्रवेशासाठी दाखला हवा होता आणि हातात दोनच दिवस होते. चार दाखले छापून झाले आणि कार्यालयाच्या संगणकातून टक्‌ टक्‌ असा आवाज येऊ लागला. मग पडदा काळा झाला.

भाऊसाहेबांनी त्याला थोपटले, गदागदा हलवले, हाकही मारली. शकीलभाईंनी कान लावून आवाज ऐकला.

“डिस्क गेली,” ते म्हणाले, आणि उरलेला चहा पिऊ लागले.

“अहो, चहा काय पिताय!” भाऊसाहेब ओरडले. “बाहेर सव्वाशे माणूस उभं आहे!”

“शनिवारी मी काय करतो, भाऊसाहेब?”

“शाळा पुसता.”

“आज आपोआप पुसली गेली. अर्धं काम वाचलं.”

अडगळीच्या खोलीतला जुना संगणक दोघांनी उचलून आणला. आत शनिवारच्या चाचणीची शाळा होतीच, पण शकीलभाई पेटीतल्या प्रतीखेरीज कशावर विसंबत नाहीत; पेटी उघडली, शनिवारची डिस्क लागली. रांगेतले लोक खिडकीतून पाहत होते. पस्तीस मिनिटांनी पडद्यावर पाचवी ‘अ’ आली, मग सहावी, मग भराभर सगळी शाळा. सकाळच्या चार दाखल्यांच्या स्थळप्रती फाइलला लावलेल्या होत्या; त्यांवरून त्या नोंदी पुन्हा भरून घेतल्या. शकीलभाईंनी रांगेतल्या पहिल्या मुलीला आत बोलावले.

“बेटा, आईचं नाव?”

“सुनंदा.”

“जन्मतारीख?”

तिने सांगितली. पडद्यावर तीच होती. छपाईयंत्र सुरू झाले, कागद बाहेर आला, आणि रात्रपाळीहून आलेल्या तिच्या वडिलांनी तो दोन्ही हातांनी घेतला. व्हरांड्यात कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. मी शिपायाला घंटा द्यायला सांगितले. किती टोल, हे सांगायचे भान राहिले नाही, आणि तो वाजवतच सुटला. भाऊसाहेब रुमालाने डोळे पुसत होते.

“भाऊसाहेब, गेली असती तर रडायचं होतं. आता तर आली.”

“तुम्ही गप्प बसा हो.”

तीन वाजेपर्यंत शेवटचा दाखला गेला. कदमसरांनी पेढे आणले. मी पेढा घेऊन शकीलभाईंना शोधत गेले, तर ते मेलेल्या संगणकाचे स्क्रू काढत बसले होते. जेवणाचा डबा तसाच बंद होता. शेजारी भिंग होते.

मला एकदम सुचले. “शकीलभाई, किनार?”

“ती यादीत नव्हती, बाई.”

“का?”

“शाळेचं तेवढंच. नियम माझाच आहे.”

“पण घरी एखादी प्रत?”

त्यांनी स्क्रू नीट ओळीत मांडले. “पूर्ण झाली की घेणार होतो.”

कदमसर दाराशीच होते. एरवी त्यांनी हा षट्‌कार मारायचा सोडला नसता. त्यांनी पेढ्यांचा पुडा अलगद मिटला आणि निघून गेले.

मला माझे कपाट आठवायला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही, पण नकाशांच्या गुंडाळ्या जमिनीवर पडल्याचा आवाज कार्यालयापर्यंत गेला म्हणतात. डिस्क त्यांच्यापुढे ठेवली.

“ही तुमची गोणी. चाळा.”

आत काय नव्हते? कदमसरांच्या भाचीचे लग्न होते. भाऊसाहेबांची भजने होती, सुप्रभातची फुले होती. या सगळ्याच्या तळाशी ‘अम्मी’ नावाची एक फाइल होती. शकीलभाईंनी टिचकी मारण्याआधी हात पँटला पुसला.

काळ्यापांढऱ्या चौकटी उघडल्या. कोयरी, वेल, पुन्हा कोयरी. ते शेवटच्या ओळीपर्यंत हळूहळू खाली गेले आणि वही उघडून ताडून पाहिले.

“एप्रिलनंतरच्या अठरा ओळी नाहीत,” ते म्हणाले. “त्या वहीत आहेत. वही मागच्याच महिन्यात नवी घेतली, त्याआधीच्या भरल्या की फेकत होतो.” आणि पडद्याकडेच पाहत : “बाई, गोणी म्हणालो होतो मी.”

“म्हणाला होता.”

“चांगली गोणी आहे.”

मी त्यांच्या खणातून एक कोरा तक्ता काढला आणि स्वतःच भरायला बसले. फाइल कोणती : किनार. कुठे ठेवली आहे : कार्यालय. पुन्हा करता येईल का : नाही. चौथ्या रकान्यात मी ‘मुख्याध्यापिका’ असे लिहिले आणि कागद त्यांच्याकडे दिला.

त्यांनी तो दोनदा वाचला. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि तक्ता माझ्याकडे परत सरकवला.

“पूर्ण नाव लिहायचं असतं, बाई.”

मी पूर्ण नाव लिहिले.