एका बोटाचं स्टिअरिंग

मोहाडीत घरी आलेल्या पाहुण्याला आधी पाणी देतात. आमच्या शेजारचे शालिकभाऊ आधी स्टिअरिंग देतात. पाहुणा फाटकातून आत आला, की चपला काढायच्या आत त्याला अंगणातल्या जुन्या जीपवर चढवायचं, इंजिन सुरू करायचं आणि म्हणायचं, "फिरवा जी. एका बोटानं फिरवा." बोट दुखलं की चहा. जावयाची करंगळी मुरगळली, तेव्हापासून तो दिवाळीलाही फोनच करतो.

चहा कमलावहिनी आणतात, एकेक कप. लकव्यातून पाय सुधारला, पण डावा हात तसाच राहिला. तो त्या पदराखाली ठेवतात.

शालिकभाऊंनी चिखल्याच्या खाणीवर जन्मभर साहेबांची जीप चालवली. निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात, हे नळ्यांना लागले. स्वतःच्या जीपला त्यांनी भंगारातलं पॉवर स्टिअरिंग बसवलं. पंप तेल दाबतो, तेल नळ्यांतून पळतं आणि चाकं वळवायला जोर देतं, हे त्यांनी मला इतकं समजावलंय, की मी मराठीचा मास्तर असून कर्मणी प्रयोगाचं उदाहरण म्हणून 'पंपाकडून तेल दाबले जाते' हे वाक्य फळ्यावर लिहितो. डॉक्टरांनी रक्तदाब वाढल्याचं सांगितलं, तर ते हळहळले. "माह्यं प्रेशर जास्त अन् पंपाचं कमी. उलटं पायजे होतं जी."

बाजारातल्या रबरी नळ्यांना तो दाब सोसत नसे. त्यात तेल लालभडक. गल्लीच्या तोंडाशी थेंब सांडले, तेव्हा समोरच्या पुष्पाबाईंनी कोणीतरी उतारा टाकल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी तिथे लिंबं आली, कुंकू आलं, आणि शिकली-सवरलेली माणसंसुद्धा वळसा घालून जाऊ लागली. त्यात मीही होतो. शालिकभाऊंनी लिंबं उचलली, कापली आणि त्याच लिंबांनी हात धुतले. "लिंबानं तेल चांगलं निंगते जी!" हे पाहिल्यापासून पुष्पाबाई त्यांना मोठा मांत्रिक समजतात.

मग एकदा भर रस्त्यात नळी फुटली, चाक जड झालं आणि जीप मळणीसाठी पसरलेल्या धानात शिरली. धानवाला कमरेवर हात ठेवून म्हणाला, "बैल विकले का जी? जीपनं चुरना करून राहिले!"

एवढं सगळं कशासाठी? तर दिवाळीनंतर वहिनींच्या माहेरी मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. शेवटचा रस्ता धानाच्या बांध्यांमधून, बैलगाडीच्या चाकोरीतून. मंडईच्या दिवशी जीप तिथे न्यायची, आणि त्याआधी स्टिअरिंग एका बोटानं फिरलं पाहिजे. मी एकदा म्हटलं, "शालिकभाऊ, देवानं दहा बोटं दिलीत. नऊ कशाला बसवून ठेवता?" एरवी हसणारा माणूस पाना घेऊन जीपखाली शिरला.

शेवटी ते तुमसरला गेले. तिथे जेसीबीच्या नळ्या तयार करून मिळतात, आत पोलादी तारेची जाळी असलेल्या. दुकानदारानं विचारलं, "जेसीबी कोनतं हाय जी?" हे म्हणाले, "अंगनातलं." नव्या नळ्या आल्या. तेल परतायची नळी जाड घेतली, सगळ्या नळ्या गरम सायलेन्सरपासून लांब बांधल्या, आणि दिवाळीत लोक फराळ करत असताना शालिकभाऊ खाली आडवे पडून थेंबाची वाट पाहत राहिले.

मंडईच्या सकाळी सारी गल्ली तमाशा पाहायला उभी. शालिकभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि डाव्या बाजूला, साहेबाच्या सीटवर बसले. माणूस गडबडला, असंच सगळ्यांना वाटलं. तेवढ्यात नवं लुगडं नेसलेल्या वहिनी पलीकडून फिरून आल्या आणि स्टिअरिंगमागे चढल्या.

"वहिनी, तुम्ही?"

"काहून जी गुरुजी? खाणीच्या कॉलनीत यायनंच तर गाडी शिकवली होती मले."

पदर आवरायला त्या वाकल्या, तेव्हा शालिकभाऊ माझ्या बाजूला कलून हळूच म्हणाले, "लकव्यानंतर हिनं एकदा चाक फिरवून पाहिलं जी. नाही फिरलं. तवापासून माहेराचं नाव नाही काढलं. म्हने, पह्यले मंडईले मीच गाडी घेऊन जाओ, आता ओझं बनून नाही जात."

मला त्या माणसाचा हेवा वाटला. बायको माझ्याकडेच बघत होती. आमच्याकडे स्कूटर आहे, आणि तिचा आरसासुद्धा मी दुरुस्त केलेला नाही.

इंजिन सुरू झालं. वहिनींनी क्लच दाबला. गिअरला डावा हात लागतो, आणि तो तर पदराखाली. त्या नुसतं "हं" म्हणाल्या. शालिकभाऊंनी आपल्या उजव्या हातानं पहिला गिअर टाकला. पुष्पाबाईंनी हात जोडले.

गल्लीच्या वळणावर वहिनींनी मुद्दाम तळवा उचलला. चाकावर एकच बोट ठेवलं आणि जीप वळवली. रस्त्यावर थेंब नव्हता. शालिकभाऊ रस्ता पाहतच नव्हते, ते त्या बोटाकडे पाहत होते.

"आता ध्यान कुठं हाय? दुसरा टाका!" वहिनींचा आवाज आला.

"हो जी, साहेब," शालिकभाऊ म्हणाले.