तात्यासाहेबांच्या काकस्पर्शाचा तह

श्रीगजवदन प्रसन्न. ऐकणारांस आयुष्य असो, सांगणारास चहा असो. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, माघ मासी, नदीकाठच्या एका राज्यात तात्यासाहेब रिसबूड, निवृत्त इंजिनिअर, यांनी दुपारचा चहा घेऊन, कप विसळोन पालथा घालोन, कैलासवास केला. तात्यासाहेब मोठे कर्ते पुरुष. तारुण्यी कालवे काढिले, पूल बांधिले, आणि पेन्शन जाहालियावर हात स्वस्थ बसेनात, मग घरचा मिक्सर, शेजारियांचे पंखे, देवळाचा भोंगा, जे जे बिघडे ते ते दुरुस्त केले, आणि जे बिघडले नव्हते तेही उघडोन पाहिले. नातवंडांस खेळणे आणिले तर आधी आपण उघडोन पाहत आणि म्हणत, "आतून कसं आहे ते बघा, मग खेळा." ऐसा पुरुष गेला. राज्य पोरके जाहाले.

मागे माईसाहेब राहिल्या. थोरले चिरंजीव उदयराव आणि धाकटे शिरीषराव दूर देशी नोकरीस, ते सणावारी येत. कन्या शुभदाबाई त्याच गावी सासरी नांदत होती. बंधूंनी मसलत केली की राहते घर बिल्डरास द्यावे, आणि माईसाहेबांनी सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे काढावे. माईसाहेब बोलिल्या, "मी काय गॅसचं सिलिंडर आहे, इकडून तिकडे फिरवायला? मी इथंच राहणार." थोरले बोलिले, "आई, आमचं ठरलंय." शुभदाबाई मध्ये पडली तो "शुभे, तू सासरची, तू यात बोलू नकोस" ऐसा जबाब आला.

दहावे दिवशी मंडळी घाटावर गेली आणि दिनकरभटजींनी पिंड मांडिला आणि सर्व कावळ्याची वाट पाहू लागले. कावळे पलीकडच्या चिंचेवर बहुत होते, परंतु एकही इकडे फिरकेना. कारण ऐसे की, घाटालगतच्या देवळावर पाखरे घाण करीत, म्हणोन तात्यासाहेबांनी गेल्या वर्षी देवळाच्या ओट्यावर पत्र्याचे पवनचक्र उभे केले होते. वारा लागला की ते गरगर फिरे, खडखड वाजे, आणि पाखरू जवळ येत नसे. खांब उभारताना शुभदाबाईनेच धरिला होता. बंधूंस याची वार्ता नव्हती. भटजींस होती. ते चक्राकडे पाहोन खाकरले, तो शुभदाबाईने डोळे वटारिले, मग ते पळीपंचपात्राकडे पाहू लागले.

भटजी बोलिले, "हल्ली इथं दर्भाचा कावळा करून शिववतात. तशी सोय आहे." थोरले खवळले. "गुरुजी, तात्यांनी जन्मात कधी डुप्लिकेट पार्ट लावला नाही. त्यांना दर्भाचा कावळा?" मग तात्यासाहेबांची काही इच्छा राहिली असेल ऐसे ठरले आणि वचने सुरू जाहाली. उदयराव हात जोडोन बोलिले, "तात्या, तुमची स्कूटर भंगारात देणार नाही." चक्र खडखडले. शिरीषराव बोलिले, "तात्या, मी दादाशी नीट बोलेन. अगदी वहिनीशीसुद्धा." कावळे ढिम्म. ऊन चढले, पाय भाजू लागले. मग धाकटे हळूच बोलिले, "दादा, आईचंच असणार."

"आईचं काय?"

"आता मी सांगू होय?"

थोरल्यांनी उपरण्याने घाम पुसला आणि शुभदाबाईकडे पाहिले. "शुभे, तुला काय वाटतं गं?"

"मी सासरची. मी काय बोलू?"

मग उदयराव पिंडापुढे बसले आणि पुटपुटले, "तात्या, आई तिच्याच घरात राहील. बिल्डरला आजच नाही म्हणून कळवतो."

शुभदाबाई बोलिली, "मोठ्यानं म्हण की, दादा. तात्यांना कमी ऐकू यायचं." मग थोरल्यांनी घाट दणाणून सोडिला, आणि मागोमाग धाकट्यांनीही.

मग शुभदाबाई "देवाला हात जोडून येते" म्हणोन ओट्यावर चढली आणि आपली ओढणी काढोन चक्राचे पाते खांबास आवळोन बांधिले. खडखड थांबली. नदी ऐकू येऊ लागली. दहा दिवस तिने माणसांचे चहापाणी पाहिले, आईस निजविले, डोळ्यांस पाणी ठाऊक नव्हते; तात्यासाहेबांचे चालते यंत्र आपल्या हाताने बंद केले आणि तिला रडू कोसळले. तिकडे कावळा उतरला आणि पिंडास शिवला. बंधू एकमेकांच्या गळा पडले. "तात्या ऐकत होते रे!" भटजी बोलिले, "ऐकतात. थोडा वेळ लागतो."

मंडळी घरी आली. थोरल्यांनी गहिवरोन सर्व हकिगत माईसाहेबांस निवेदिली, की कावळा कैसा येईना, आणि घराचे वचन देताच कैसा झेपावला. माईसाहेबांनी ऐकोन घेतले आणि विचारिले, "वारा पडला होता का रे?" मग शुभदाबाईच्या चुरगळल्या ओढणीकडे पाहिले आणि "चला, पानं घेते" म्हणोन आत गेल्या.

एवंच तह जाहाला तो पाळिला गेला. माईसाहेब आपल्या घरी आपल्या मर्जीने नांदतात. बिल्डर अद्याप येतो. माईसाहेब त्यास चहा देतात आणि नळाचा वायसर बदलोन घेतात.