बांगड्याचा निळा

माझं लहानपण रंग नसलेल्या घरात गेलं. मातीच्या भिंती, त्यांवर चुलीचा धूर. आई डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव मासे विकायची, आणि त्या टोपलीवर मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यात पहिली. हे मुद्दाम सांगते, कारण बाबलमामासमोर या पदवीची किंमत शून्य आहे.

बाबलमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. वेंगुर्ल्याच्या बंदरावर होड्या रंगवतो. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणतो, "रंगाचो वास कोणाक सोसना नाय."

मी ओरोसला ऑफिसात लागले, काही वर्षांनी चिऱ्याचं घर उभं केलं आणि आतून फिकट निळा द्यायचा ठरवला. मोबाईलवर फोटो होता : फिकट निळ्या भिंती, पांढऱ्या चौकटी. वास्तुशांतीला ऑफिसातली माणसं येणार होती. त्यांना घर कसं दिसेल, यातच माझा जीव अडकलेला.

रंगाच्या दुकानात मामा बरोबर आला. दुकानदाराने शेडकार्ड उघडलं. मामाने पिशवीतून ताजा बांगडा काढला आणि त्यावर आडवा ठेवला.

दुकानदार कार्ड खालून ओढायला लागला.

"ह्येची पाठ खंय संपता आणि पॉट खंय सुरू होता, थंयलो निळो होयो," मामा म्हणाला. "ह्या कागदारचे सगळे निळे हापिसातले."

"मामा, आधी तो मासो उचल."

"शिकलंस मा तू? मगे आता बघूक शिक."

घरी त्याने भिंतीवर चार निळ्यांचे चार पट्टे मारले आणि तीन दिवस समोर स्टूल टाकून बसला. सुतार आला, गवंडी आला, सगळ्यांना बोट दाखवून ऐकवायचा, "ह्यो सांजेक मरता. ह्यो मागल्या खोलयेत राखेसारो जाता. ह्यो ओलो आसताना बरो, सुकलो की रडता." उरला तो चौथा. कबूल करते, भिंती झाल्यावर मी नुसती बघत उभी राहिले. "चौकटी पांढऱ्या," एवढं बजावून दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले.

संध्याकाळी परतले आणि उंबऱ्यावरच बसले. प्रत्येक चौकट, खिडक्यांच्या कडा, आतल्या पायरीची धार, अगदी दिव्याच्या बटणांभोवतीची पट्टी, सगळं होडीच्या काठासारखं लालभडक. त्या नाजूक निळ्यात.

"मामा, घर रंगवलंस काय होडी?"

"काठ दिसलो नाय तर माणूस पाण्यात पडता," तो ब्रश पुसत म्हणाला.

"हंय पाणी खंय आसा? परवा सायेब येतले. माझी अब्रू जातली."

मी पांढऱ्याचा डबा उघडला, ब्रश बुडवला. तेव्हा तो हळूच म्हणाला, "आधी आवशीक हाक मार. मगे लाव तुझो पांढरो."

मी हाक मारली. मामाच्या चहा-जेवणासाठी आलेली आई आतल्या खोलीतून आली, सरळ, दाराच्या मधोमध. दोन्ही हातांत चहाचे कप. पायरीशी क्षणभर थांबली, नेमका पाय टाकला, खाली उतरली.

यात बघायचं काय, मला कळेना. मग कळलं. बांधकाम बघायला यायची तेव्हा ती भिंतीला हात लावत चालायची. ताज्या गिलाव्यावर बोटं उमटतात म्हणून मी तिच्यावर खेकसायचे.

"मोतीबिंदू आसतलो," मामा म्हणाला. "फिकट भिंतीत पांढरी चौकट तिका दिसना नाय. लाल दिसता. तिना सांगूक नाय. तुझ्या घराचा काम थांबतला म्हणान."

"तुका कोणी सांगल्यान रे बोलूक?" आई त्याच्यावर डाफरली आणि कप माझ्यापुढे धरला. "चाय घे गो. निवता."

इतकी शिकलेली मी, आणि रोज समोर असलेलं मला दिसलं नव्हतं. मी डब्याचं झाकण लावलं.

वास्तुशांतीला साहेबांनी चौकटींकडे दोनदा पाहिलं. मी म्हटलं, "माझ्या मामाने रंगवल्यात." मामा मागीलदारी जेवत होता, त्याला हात धरून पुढे आणला.

आईला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. तोवरही ती आमच्या या घरात कुणाचा हात न धरता फिरते.