विषय : सात तारखेला घरी येणे बंद करणेबाबत

दिनकर कानडे वारले त्याला अडीच वर्षं होत आली, पण दर महिन्याच्या सात तारखेला सकाळी साडेदहाला ते घरी येतात, कारण केसांच्या तेलाचं पेमेंट त्यांनी ओटीपी टाकल्याशिवाय पुढे सरकत नाही. हे तेल त्यांनी मरणाच्या तीन आठवडे आधी एका ऑनलाइन दुकानातून मागवलं होतं. पहिली बाटली फुकट होती. फुकट वस्तूला कानड्यांनी जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतं, आणि दर महिन्याला आपोआप पैसे कापले जातील ही खालची बारीक अक्षरं वाचायला नेमका चष्मा हाताशी नव्हता.

येतात, दाराशी चपला काढतात, खिडकीजवळची खुर्ची ओढून पंख्याखाली घेतात, फोनवर सहा आकडे टाकतात आणि "चहा" म्हणतात. चहा आला की साखर जास्त आहे किंवा कमी आहे ते सांगतात. बरोबर अकराला निघतात. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते, वेळेचे पक्के. मेल्यामुळे त्यात काही फरक पडला नाही.

पहिल्या सात तारखेला त्यांच्या पत्नी, निर्मलाबाई, त्यांना पाहून ढसाढसा रडल्या. आता तरी हा माणूस दोन शब्द बोलेल असं त्यांना वाटलं होतं. कानड्यांनी फोनवरून मान वर केली आणि पंखा एकवर का ठेवलाय ते विचारलं. तिसऱ्या महिन्यापर्यंत निर्मलाबाईंचं रडू पार आटलं. चौतीस वर्षांच्या संसारानंतर त्यांना आता कुठे स्वतःच्या घरात पाय पसरून बसता येऊ लागलं होतं. भूक लागेल तेव्हा जेवायचं, झोप येईल तेव्हा झोपायचं, आणि खुर्ची खिडकीशी. पण पाच तारीख उजाडली की त्या घड्याळाकडे बघत जेवू लागायच्या आणि नऊ तारखेपर्यंत पाय पसरून बसायच्या नाहीत. अर्ध्या तासासाठी येणारा माणूस आठवडा खाऊन जायचा.

त्यांच्या नणंदेला, शकूताईंना, हे काही पटेना.

"लोकांची माणसं जातात ती कायमची जातात, निर्मला. तुझं येतंय, तर तू तोंड वाकडं करतेस?"

"मग वन्सं, सात तारखेला तुमच्याकडेच बोलवा ना त्यांना."

"मला कुठलं जमायला! सात तारखेला आमचं भजन असतं," शकूताई म्हणाल्या आणि तो विषय त्यांच्यापुरता मिटला.

निर्मलाबाईंनी हातपाय हलवले नाहीत असं नाही. एकदा कानड्यांचा फोन बंद करून ठेवला, तर कानडे आले आणि त्यांनी तो चालू केला. एकदा फोन तांदळाच्या डब्यात खुपसून त्या बहिणीकडे सांगलीला निघून गेल्या. कानडे दुपारी दीडला तिथे हजर झाले. फोनला तांदळाची भुकटी लागलेली, आणि दोन एसट्या बदलाव्या लागल्या म्हणून चेहरा लाल. बँकेत खातं बंद करायला गेल्या, तर खातेदाराला सोबत घेऊन या म्हणाले.

शेवटी त्यांनी दुकानाच्या ग्राहक सेवेला फोन लावला. पलीकडे रेश्मा नावाची मुलगी होती, बोलायला अगदी गोड.

"मॅडम, सदस्यत्व बंद करायला खातेदार स्वतः लागतील."

"ते वारले हो."

"सॉरी मॅडम. मग मृत्यूचा दाखला अपलोड करा."

निर्मलाबाईंनी दाखला पाठवला. चार दिवसांनी उत्तर आलं. दाखल्यावर मृत्यूची तारीख चौदा मार्च आहे, परंतु त्यानंतर खातेदाराने बावीस वेळा स्वतः ओटीपी टाकून पेमेंट मंजूर केले आहे. मृत व्यक्तीस ओटीपी टाकता येत नाही. सबब दाखला ग्राह्य धरता येत नाही.

निर्मलाबाईंनी पुन्हा फोन केला. "अगं, ते मेल्यानंतर येऊन टाकतात."

"म्हणजे येतात ना, मॅडम?"

"येतात."

"मग त्यांनाच सांगा की! सेटिंग्जमध्ये जायचं, तिथे 'माझी सदस्यत्वं', त्यात 'आपोआप पेमेंट', आणि सगळ्यात खाली 'बंद करा'. एकदम सोपं आहे."

'बंद करा' तिथे होतं. निर्मलाबाईंनी बोट लावलं की ते राखाडी व्हायचं आणि कितीही दाबलं तरी ढिम्म हलायचं नाही. पुढच्या सात तारखेला त्यांनी नवऱ्याचा चहा होईपर्यंत वाट पाहिली.

"अहो, ते तेल बंद करून टाका ना. माळ्यावर वीसेक बाटल्या पडल्यात."

"असू देत. वस्तू आहे."

"मग तुमचं येणं तरी बंद करा."

कानड्यांनी कप खाली ठेवला. ते रागावले नाहीत. त्यांच्या ऑफिसातल्या टेबलापाशी तीस वर्षं माणसं असंच काहीबाही मागायला यायची.

"तोंडी कसं होईल? अर्ज दे."

निर्मलाबाईंनी तिथल्या तिथे वहीचं पान फाडून अर्ज लिहिला. विषय, सात तारखेला घरी येणे बंद करणेबाबत. कानड्यांनी तो दोनदा वाचला, खिशातलं पेन काढलं आणि समासात लिहिलं, 'कारणे नमूद नाहीत. सविस्तर कारणांसह फेरसादर करावा.' मग बरोबर अकराला ते निघून गेले.

त्या महिन्यात निर्मलाबाई रोज दुपारी लिहीत बसल्या. अकरा फुलस्केप झाले. शाळेतली नोकरी सोडायला लावली. शिवणाचं मशीन खडखडतं म्हणून न विचारता विकून टाकलं. आईच्या शेवटच्या दुखण्यात माहेरी जाऊ दिलं नाही, कारण तपासणीला आलेल्या साहेबांना घरचं जेवण हवं होतं. आई त्या जेवणाच्या दिवशीच गेली. 'तुला काय कळतंय' हे किती वेळा ऐकलं ते मोजलं नव्हतं, म्हणून तिथे 'अनेकदा' लिहिलं. तू जेवलीस का, असं चौतीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. हे लिहिताना त्यांना वाटत होतं, ते वाचतील आणि म्हणतील, सगळं खोटं आहे. त्या उत्तराची तयारी त्यांनी करून ठेवली होती.

कानड्यांनी अकराही पानं वाचली. अकरा वाजून गेले तरी वाचत होते. निर्मलाबाई स्वयंपाकघराच्या दारात पदर मुठीत धरून उभ्या होत्या.

"साहेबांच्या जेवणाची तारीख बरोबर आहे," मध्येच ते म्हणाले.

"मला पाठ आहे."

वाचून झाल्यावर त्यांनी कोरा कागद मागितला, त्यावर सावकाश लिहिलं, खाली सही केली आणि कागद बायकोच्या हातात दिला.

'अर्ज पाहिला. अर्जदाराने दिलेली कारणे खरी असल्याचे दिसून येते. तथापि, सदर व्यवस्था गेली चौतीस वर्षे विनातक्रार सुरू असल्याने ती बंद करण्याचे प्रयोजन दिसत नाही. अर्ज अमान्य.'

'खरी असल्याचे' इथपर्यंत वाचताना निर्मलाबाईंचे डोळे भरून आले होते. पुढचं वाचलं आणि असा संताप आला की त्यांनी कागद नवऱ्यापुढे आपटला.

"खरं आहे म्हणता, आणि तरी येणार?"

"खरं असणं वेगळं, मंजूर होणं वेगळं," कानडे म्हणाले. "खाली पोचेची सही कर. आदेश मिळाला म्हणून."

निर्मलाबाईंनी पेन घेतलं. मग लिहिलं, 'मिळाला. सरोज बळवंत ताम्हनकर.'

कानड्यांनी चष्मा पुसून पाहिलं. "ही कोण?"

"मी. लग्नाच्या दिवशी तुम्ही ताटातल्या तांदळावर अंगठीनं निर्मला लिहिलंत ना, त्याच्या आदल्या दिवसापर्यंतची."

"हे नाव रेकॉर्डवर नाही."

"नाहीच. पण अर्ज हिचाच आहे."

कानड्यांनी ती सही पुन्हा एकदा वाचली. रेकॉर्डवरच्या नावाने पोच मिळाली नाही तर आदेश बजावला गेला असं धरता येत नाही, आणि बजावला न गेलेला आदेश खुद्द काढणाऱ्यालाही लागू करता येत नाही, हा नियम त्यांनीच कितीतरी लोकांना ऐकवला होता; म्हणजे अर्ज अजून निकाली निघालाच नव्हता. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"पुढच्या सात तारखेला पुन्हा आणतो," ते म्हणाले आणि चपला घालून गेले.

त्याला पाच महिने झाले. कानडे दर सात तारखेला साडेदहाला येतात, ओटीपी टाकतात, आदेश पुढे करतात, सरोज ताम्हनकरची सही पाहतात आणि पोच नामंजूर करून परत घेऊन जातात. दोन दिवसांनी तेलाची बाटली येते. पहिल्यांदा ती सही करताना निर्मलाबाईंचा हात 'स'लाच अडखळला होता. आता सवय झाली आहे, न थांबता होते.